बोल्ट माझ्या खिशात होता

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय, हे आधीच कबूल करतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहावं तर कुणी नाही... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही फारसा नाही. शिवाय माझ्या अनुभवात ना रात्र आहे, ना स्मशान. भर दुपारची अडीचची वेळ, दौंड स्टेशनबाहेरचं आवार, आणि जीपखाली उताणा पडलेला मी.

साल १९९८, मे महिना. मी शिरूरला राहायचो, सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. मिलिटरीच्या लिलावात निघालेली एक फोर-व्हील-ड्राइव्ह जीप तिसऱ्या हाताने माझ्याकडे आली होती. ती गळायची. गिअरबॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल, चाकांची सील — जिथून म्हणून तेल बाहेर येऊ शकतं तिथून. मी कुठे गेलोय हे माझ्या बायकोला, मंगलला, कुणाला विचारावं लागत नसे. थेंबांच्या मागे चालत आली की मी सापडायचो.

आणि मी स्वतःला मेकॅनिक समजायचो. पॅकिंगला शेलॅक, सांध्याला सुतळी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे... एक गळती बंद केली की दोन नव्या सुरू.

मंगलचा धाकटा भाऊ दत्तू रेल्वेच्या परीक्षेत पास झाला होता. तिसऱ्या खेपेला. वयाची अट संपत आलेली, म्हणजे चौथी खेप नाहीच. मेडिकल दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला, आणि त्यासाठी दुपारची गाडी दौंडहून. दत्तू आणि सासरे — आप्पा — आमच्याकडे मुक्कामी होते, नऊच्या एसटीने निघणार होते. मी म्हणालो, एसटीत कशाला धक्के खाता, मी सोडतो की.

आप्पांनी जन्मभर मेंढरं वळली होती. ते जीपकडे, लंगड्या जनावराकडे बघावं तसे बघत राहिले. "जावईबापू, ह्ये पोचंल का?"

"आप्पा, मिलिटरीची गाडी आहे."

"मिलिटरीनं इकली का मग?"

एसटी तोवर निघून गेली होती.

आता माझा पराक्रम ऐका. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा एक डबा असतो. तिथून पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद जाते. त्याच्या तळाला एक बोल्ट असतो — तो काढला की सगळं तेल खाली. त्या बोल्टाचा वायसर, म्हणजे तेल अडवणारी चकती, झिजून गेला होता. म्हटलं, निघायच्या आधी दहा मिनिटांत बदलून टाकू. बोल्ट काढला, जुनं तेल घमेल्यात सोडलं. धूळ आत जाऊ नये म्हणून बाभळीच्या काटकीला चिंधी गुंडाळून भोकात ठोकली आणि बोल्ट घेऊन दुकानात गेलो. तांब्याचा नवा वायसर बोल्टावर चढवला, बोल्ट पँटच्या खिशात टाकला. घरी आलो तर साडेअकरा वाजलेले. दत्तू फाइल छातीशी धरून जीपमध्ये बसलेला, चेहरा पांढरा. मंगल दारातूनच म्हणाली, "त्याची नोकरी गेली ना, तर तुम्ही त्या जीपमध्येच राहायला जा."

मी घाईने वरून नवं तेल ओतलं आणि निघालो.

बोल्ट? खिशातच.

न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला. चौफुल्याला पाच मिनिटं चहाला थांबलो. सवयीने खाली वाकून पाहिलं, तर जमीन कोरडी. मी फुशारकीने म्हणालो, "बघा आप्पा, एक थेंब नाही. याला म्हणतात काम."

आप्पा म्हणाले, "चला आता. काम गाडीत बसून सांगा."

सव्वादोनला दौंड. गाडी फलाटावर उभी होती. तिथे गाड्या थांबतातही निवांत. दत्तू खिडकीशी बसला, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "दाजी, तुमच्या जीपला मी लई बोललो मनातल्या मनात," तो म्हणाला. मी घाम पुसायला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर बोल्ट हातात आला. चकचकीत तांब्याच्या वायसरसकट.

पळत आवारात आलो, आप्पा मागोमाग. जीपखाली सरकलो. भोक उघडं होतं. काटकी नाही, चिंधी नाही. आणि भोकात तेल होतं. काठोकाठ. किंचित खाली फुगलेलं, उन्हाच्या तिरिपीत मधासारखं चमकणारं... आणि पडत नव्हतं.

आप्पा गुडघ्यावर बसून वाकले.

"ह्ये भोक उघडंच हाय की."

"हो."

"मग त्याल का पडंना?"

"तेच बघतोय."

"हात नका लावू," आप्पा हळूच म्हणाले.

मी लावला नव्हता. बोल्ट छातीवर होता, दोन्ही हात जमिनीवर. मग आत फलाटावर दत्तूच्या गाडीने शिट्टी दिली. डबे हलल्याचे धडधड आवाज आले, एकामागून एक, लांब जाणारे. शेवटचा आवाज विरला आणि सगळं तेल एकदम माझ्या तोंडावर आलं. डोळ्यांत, नाकात, शर्टाच्या आत.

आप्पा उठून उभे राहिले. "गेली," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला नळावर गेले.

तोंड धुऊन, बोल्ट घट्ट करून, स्टेशनजवळून नवं तेल आणून आम्ही परतलो. येताना जीप नेहमीसारखी चार ठिकाणांहून गळत होती. घरी मंगलने ती काटकी पुढे केली. आमच्या फाटकापुढच्या गटारीवर जीप उडाली तिथेच पडली होती म्हणे. म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर भोक उघडं.

दत्तू आज रेल्वेत फिटर आहे. तो म्हणतो, दाजी, आत काहीतरी अडकलं असेल, हादऱ्याने सुटलं. असेलही. पण मग ते माझ्या तोंडावर पडायला हवं होतं. नुसतं तेल पडलं. आप्पांनी मात्र गावात वेगळंच सांगितलं — आमच्या जावयानं दुरुस्त केलेल्या गाडीचं त्याल बोल्ट काढला तरी पडत न्हाई. पुढची दोन वर्षं लोक माझ्याकडे गळके ट्रॅक्टर घेऊन यायचे. मी खरं सांगायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

मी प्रयोगही केला. तसंच तेल, तशीच काटकी, तीन वेळा. काटकी काढली की तिन्ही वेळा तेल सरळ अंगावर, आणि मंगलच्या शिव्या वेगळ्या. चौथ्यांदा म्हटलं, आप्पांना शेजारी उभं करून बघू. त्या दिवशी ते होते ना. आप्पा आले, गुडघ्यावर बसून जीपखाली वाकले.

"जावईबापू," ते म्हणाले, "आज कुणाला जायचंय?"

याला मी स्पष्टीकरण म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत दुसरं कुणी दिलेलं नाही, आणि मलाही सुचलेलं नाही.