आईचा राजीनामा मी लिहिला

कडेगावात पाळणाघर शोधायला निघालेली बाई म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. "घरात कोन न्हाई व्हय?" हा पहिला प्रश्न. कोणी नव्हतं असं नाही, सासरे होते. फौजेतून निवृत्त झालेले, रोज पहाटे पाच किलोमीटर चालून येणारे, बासष्टाव्या वर्षी दंड काढून दाखवणारे. पण पाच महिन्यांची नात हातात दिली की दोन मिनिटांत "घे गं हिला" सुरू. पोरं सांभाळायचं काम आपलं नव्हं, आपण देश सांभाळला, असं ते पारावर चारचौघांत सांगायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा सीमेवर. आणि माझी बाळंतपणाची रजा संपायला बावीस दिवस उरलेले.

मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. पाच वर्षं परीक्षा देऊन, दोनदा तोंडावर आपटून मिळवलेली नोकरी. ती सोडायची नाही, मग काही होवो, हे मी ठरवून टाकलं होतं. मी सोडणार नाही म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी सोडावं लागणार, एवढा साधा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. की आला होता आणि मी तो बाजूला ठेवला? देव जाणे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मग आई लेकीला, बाळाला आणि नव्या पाळण्याला घेऊन सासरी सोडायला येते. माझी आई तशीच आली होती, चार दिवसांसाठी. कोयनानगरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत ती बावीस वर्षं मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, झोपलेल्याला कडेवर घेऊन घरी पोचवायची. सेविका खुर्चीवर बसून रजिस्टर लिहायची, आई खाली सतरंजीवर पोरांत. पण आमच्या गावची सेविका दीड वर्षात निवृत्त होणार होती आणि दहावी पास असेल तर मदतनिसालाच त्या जागी घेणार होते. म्हणून आईनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली होती. गणित मी शिकवलं, फोनवरून. निकाल लागला त्या दिवशी म्हणाली, "आता मला बी खुर्ची मिळंल बघ." एवढं खूश मी तिला माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तर आई बाळाजवळ बसली आणि मी शोधायला निघाले. मागच्या गल्लीत एक बाई पोरं सांभाळते असं कळलं. गेले. सकाळचे अकरा वाजलेले, एक खोली, एक चालू टीव्ही आणि नऊ पोरं ओळीनं गाढ झोपलेली. मी विचारलं, पाळणाघराचा परवाना आहे का? बाईनं मोठ्या अभिमानानं देवांच्या फोटोशेजारचा फ्रेम केलेला कागद दाखवला. वाचला. पिठाच्या गिरणीचा होता.

"हा गिरणीचा आहे."

"मग? लायसन ते लायसन. सायबाचा शिक्का हाय की त्येच्यावर."

खिडकीत खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या. विचारलं तर म्हणाली, "सर्दी हाय सगळ्यास्नी." नऊच्या नऊ पोरांना एकाच वेळी सर्दी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला काय बोलणार? त्या नऊ पोरांच्या आयांना दुसरा रस्ता होता का? ऊसतोडीला, बँकेत, दवाखान्यात, कुठं कुठं कामाला गेलेल्या त्या. मी चपला घातल्या आणि निघाले.

मग कुणी सांगितलं की शेजारच्या गावी सरकारी पाळणाघर आहे. होतं की! अंगणवाडीच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरात रंगवलेलं होतं, 'पाळणाघर'. आत धान्याची पोती आणि कोपऱ्यात एक पाळणा. पाळण्यात झाडू आणि वजनकाटा. सेविका बिचारी ओशाळून म्हणाली, "बोर्ड आला, पाळणा आला. मानूस कवा येनार ठाऊक न्हाई." ही असली कागदं रोज माझ्या टेबलावरून जातात. मीच त्यांवर जावक क्रमांक टाकते.

शेवटी एस.टी.नं साताऱ्याला गेले. तिथं मात्र खरं पाळणाघर होतं. परवाना दारातच लावलेला, कॅमेरे, जाळीचं फाटक, हात धुतल्याशिवाय पोराला हात न लावणाऱ्या बाया. मला तर तिथल्या फरशीवरच झोपावंसं वाटलं. मग फीचा कागद हातात आला. माझा जवळजवळ अर्धा पगार. वर साताऱ्यात खोलीचं भाडं, आणि बदली मिळाली तर, ही मोठीच 'तर'. तरीही मी म्हटलं, भरते. उपाशी राहीन पण भरते. तेव्हा ती मॅडम गोड हसून म्हणाली, "बाळ एक वर्षाचं झालं की घेऊन या. त्याआधी आम्ही घेत नाही."

सरकार रजा देतं सहा महिने आणि परवानावाले बाळ घेतात बारा महिन्यांनी. मधले सहा महिने बाळानं काय करायचं, झाडाला लटकायचं? हे मी तिला विचारलंसुद्धा, अगदी याच शब्दांत. ती म्हणाली, "आजी असते ना प्रत्येकाला."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तोही तेच. "आईंना ठेवून घे की. त्या तर एक्स्पर्ट हायत." आणि सासरे, ज्यांनी एवढ्या दिवसांत एकदाही पाळण्याची दोरी ओढली नव्हती, ते आईला म्हणाले, "आवं विहीणबाई, तुमाला सवयच हाय पोरं सांभाळायची. तुमाला काय जड?"

आईनं परातीत पीठ घेतलं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "पोरीला माझ्याकडं गावाला ठेवतीस का? अंगणवाडीतच नेत जाईन संगं." त्यात तिची नोकरी राहिली असती. मी नाही म्हटलं. पोर अंगावर पीत होती, दोन एस.टी. बदलून चार तासांचा रस्ता, आठ दिवसांनी एकदा भेटायचं. माझं मन होईना. आईनं पुन्हा विचारलं नाही.

मग मी शहाणी, सरकारी बाई, आईसाठी अर्ज लिहायला बसले. 'तीन वर्षे बिनपगारी रजा मिळणेबाबत.' काय सुंदर मसुदा केला होता! अंगणवाडीच्या ऑफिसातल्या बाईनं वाचला आणि मला समजावलं, तुमच्या आईला मानधन असतं, पगार नाही. मानधनावरच्या माणसाला असली लांब रजा नसते. या, नाहीतर सोडा.

राजीनामाही मीच लिहिला. 'कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने.' आईनं एकेक शब्दावर बोट ठेवून वाचला.

"सोखुशीनं लिवायलाच लागतं?"

"तसाच नमुना असतो, आई."

"बरं." आणि दहावीच्या फॉर्मसाठी गिरवून गिरवून बसवलेली ती सही तिनं केली. मी म्हटलं, "सहा महिन्यांत दुसरी सोय बघते. मग पुन्हा प्रयत्न करू." तिनं मान डोलावली. तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं की सोडलेली जागा कुणी राखून ठेवत नाही.

आणि लिहायची लाज वाटते, पण लिहिते. त्यानंतर मी एक दिवसही पाळणाघर शोधलं नाही. गरजच संपली ना! सकाळी डबा तयार, पोर न्हाऊमाखू घातलेली, संध्याकाळी चहा हातात. वर माझंच तोंड चालायचं. हिला टीव्ही का लावून दिला, हिचं फडकं ओलं का, पाळणा असा दारात का ठेवलाय. आमच्या गावाकडं भांडी वाजायला लागली की पोरं उचलून बाहेर पळायची सवय असते, म्हणून आई कडेगावातसुद्धा पाळणा दाराजवळच ठेवायची. "इथं नाही होत भूकंप," मी वैतागून म्हणायचे. ती पाळणा आत घ्यायची आणि मी कचेरीत गेले की परत दाराशी आणायची. दीड वर्षानं गावची सेविका निवृत्त झाली. आईच्या जागी आलेली मदतनीस त्या जागी लागली. आईनंच बाराखडी शिकवलेली पोरगी. आईनं तिला फोन करून शाबासकी दिली, मी शेजारच्या खोलीतून ऐकली आणि फाईल वाचत असल्याचं सोंग केलं.

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा आमच्या इथं एका शाळेनं पाळणाघर काढलं, परवान्यासकट. प्रवेशाच्या फॉर्मवर रकाना होता, 'यापूर्वी बाळाला कोण सांभाळत होते?' मी लिहिलं, घरीच. परवानावाल्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाची मदतनीस आमच्या घरात होती हे सांगायला जागाच नव्हती, आणि असती तरी मी लिहिलं असतं असं नाही. आईनं तिची पिशवी भरली. सासरे म्हणाले, "विहीणबाई, आता आराम करा." आई एस.टी.त बसली.

आठवड्यानं तिचा फोन आला. अंगणवाडीत जाऊन आले म्हणाली. सहज, पोरं बघायला.

"काय म्हणाली ती नवी सेविका?"

"लय मान दिला गं पोरीनं. आवं मावशी, खाली नका बसू म्हनली. उठली आन् तिची खुर्ची दिली मला बसायला." मग म्हणाली, "पाव्हनीला देत्यात तशी."

मी विचारलं, चहा दिला का? दिला म्हणाली. साखर जास्त होती.