घट्ट कणकेचा ठसा

सिडकोपासून पंचवटीपर्यंत सगळं नाशिक पालथं घातलं तरी स्क्रूचा इतका मनापासून राग धरणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. साध्या स्क्रूशी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं काही भांडण नव्हतं. त्यांचं वैर होतं कंपन्या मुद्दाम बसवतात त्या विचित्र स्क्रूंशी. कुणाच्या डोक्यावर तीन कोन, कुणाच्या दोन भोकं, कुणाच्या पाकळ्या, आणि हेतू एकच, की घेणाऱ्याने ती वस्तू उघडू नये. मी तेव्हा ग्राहक चळवळीत होते. ‘जी वस्तू उघडता येत नाही, ती आपली नाही’ असं पत्रक मी स्वतः लिहून, स्वतः छापून घेऊन, बहुतेक वेळा स्वतःच वाटत होते. त्यामुळे हा माणूस आपला, असं मी धरूनच चालले. कार्यकर्त्यांच्या हातून अशा चुका होतात.

काका मूळचे घोटीकडचे, ओझरच्या कारखान्यात टूलरूममधून निवृत्त झालेले. “हे उघडत नाही” असं कुणी म्हणालं की त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर यायचा. “नाय उघडत म्हणजे? बंद करणाऱ्याला हात होते, मला नायत का?” दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगापुढे ते उकिडवे बसत आणि हव्या त्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर शोधत. तो कधीच मिळत नसे. मग ते घरी येऊन स्वतः घडवत. त्याची रीत ठरलेली होती: काकूंकडून कणकेची गोळी घ्यायची, स्क्रूच्या खाचेत दाबायची, अलगद बाहेर काढायची आणि तो ठसा समोर ठेवून पोलादाला कानस मारत बसायचं. पोळीची कणीक चालत नसे. ती सैल, तिच्यात ठसा टिकत नाही. पुरीचीच घट्ट कणीक हवी. एका गोळीपुरती कणीक कोण मळणार, म्हणून त्या घरात सणवार सोडून भलत्याच दिवशी पुऱ्या होत. वास आला की शेजारचे खिडकीतून विचारत, “आज कुणाचा रेडिओ?” कुणाचा तरी कॉर्डलेस फोन आला होता तेव्हा लागोपाठ तीन दिवस पुऱ्या झाल्या आणि माझी मैत्रीण वैतागून खानावळीत पोळी खायला गेली. वस्तू उघडली की काढलेले स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जात. पाहुण्यांना चहाच्या आधी ती बरणी दाखवली जाई.

मी त्यांना म्हणायचे, “काका, असे एकेक स्क्रू काढून काय होणार? दुकानापुढे उभं राहू या. शंभर माणसं हवीत.”

“किती आलीत?”

“सध्या सात.”

“त्यात मी धरलोय?”

धरले होते. “तू ओरड, मी कानस मारतो,” एवढं बोलून ते पुन्हा खाली बघत. मला संताप यायचा. स्वतःच्या घरापुरता प्रश्न सोडवणारी माणसं चळवळीला विरोधकांपेक्षा जड जातात, असं मी तेव्हा एका पत्रकात लिहिलंसुद्धा होतं. काकांनी ते शांतपणे वाचलं आणि त्यातलं स्क्रूचं चित्र चुकलंय एवढंच सांगितलं.

मग काकूंचं श्रवणयंत्र बंद पडलं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानाकडे जाणारी वायर, असं ते जुन्या धाटणीचं यंत्र होतं. दुकानदाराने डबी हातात न घेताच सांगितलं, “हे उघडत नाही, नवीन घ्या.” मी त्याच दुकानापुढे दोन दिवस पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी दुकानदारानेच मला चहा पाजला. त्याची मुलगी माझं पत्रक शाळेच्या वहीला कव्हर म्हणून घालत होती. घरी काकूंना शिट्ट्या ऐकू येत नसत, म्हणून काका बाहेरच्या खोलीतून कुकरकडे कान देऊन बसत आणि आत जाऊन बोटं दाखवत. दोन. तीन. भाजीवाला दारावरून हाका मारून निघून जाई. फोन वाजला तरी काकू उठत नसत. हळूहळू त्यांनी बोलणंही सोडलं. हे काकांना सोसेना.

पुऱ्या झाल्या, ठसा घेतला. पाच पाकळ्यांचं फूल होतं. काकूंची स्वेटर विणायची पोलादी सुई त्यांनी न विचारता उचलली आणि पंधरा दिवस तिचं टोक घासलं. ते खाचेत बसेचना. दुसरा ठसा, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काका कपाळाला हात लावून बसले. काकूंनी ती वाळलेली गोळी उचलली, खिडकीपाशी नेली आणि कित्येक दिवसांनी बोलल्या, “मध्ये भोक आहे.”

काकांनी हवेत बोट फिरवून फुग्याचा आकार काढून दाखवला. हवेचा बुडबुडा.

“माझ्या कणकेत हवा नसते,” काकू म्हणाल्या. “आत काहीतरी उभं आहे.”

होतंच. खाचेच्या मधोमध बारीकशी खुंटी होती. टूलरूममध्ये जन्म घालवलेल्या माणसाने ठशातलं भोक दोनदा मळणाऱ्याच्या माथी मारलं होतं. काकांनी सुईच्या टोकाला छिद्र पाडलं आणि डबी उघडली. आत एक वायर सुटली होती, एवढंच. यंत्र कानाला लावल्यावर पहिलं काय ऐकू आलं, असं मी विचारलं. “यांची कानस,” काकू म्हणाल्या. “बंद होतं तेच बरं होतं.” आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत त्या बोलतच होत्या.

पुढे काकांच्या डोळ्यांनी दगा दिला, मग काकाच गेले. आमची संघटनाही सातावरून तिनावर आली. त्या दमलेल्या दिवसांत एकदा मैत्रिणीने परगावाहून कळवलं, आईचं यंत्र पुन्हा बंद पडलंय, जाऊन बघ. मी गेले. काकांच्या पत्र्याच्या डब्यातून ती विणायची सुई शोधून काढली आणि डबीला लावली. ती लागेना. फिरवून पाहिली, दाबून पाहिली. सुई घसरून बाजूला जायची. उजेडात धरलं तेव्हा दिसलं, पाकळ्यांचे स्क्रू तिथे नव्हतेच. चारही कोपऱ्यांत साधे, सरळ एका रेघेचे स्क्रू होते. कंपनीचे चारही काकांनी केव्हाच लोणच्याच्या बरणीत टाकले होते.

काकूंनी माझ्या हातून डबी घेतली. माझ्या पिशवीतलं एक पत्रक ओढून ओट्यावर पसरलं. सुटलेले स्क्रू घरंगळू नयेत म्हणून काकाही असाच कागद पसरत. कांद्याच्या सुरीचं टोक रेघेत घालून त्यांनी एकेक स्क्रू सोडवला, सेलच्या पत्र्यावरचा हिरवा गंज खरवडला, पुन्हा सगळं बंद केलं. हाताला सवय असावी. मग वायरचं टोक कानात बसवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“हं, आता बोल,” म्हणाल्या.