मन्मथ आगटीवरून उठला

आमचा नातू मन्मथ लातूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. या पोराच्या तोंडात लहानपणापासून "न्हाई" हा शब्दच नाही. शेजाऱ्याची म्हैस सुटली तर परीक्षेचा पेपर टाकून धावणारा. म्हैस घावली, पेपर बुडाला, पण ती गोष्ट वेगळी. कंपनीनं हा गुण बरोबर हेरला. चार माणसांचं काम याच्या एकट्याच्या डोक्यात. त्याचे साहेब वैजनाथराव वरच्यांना सांगणार, "माझ्या टीमनं केलं." बाकीच्यांना काही शिकवायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

नातसून अयोध्या पहिल्या बाळंतपणाला इस्लापूरला माहेरी गेली. "त्या वेळी मी जवळ असंन," असा मन्मथचा तिला शब्द. त्यानं सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "तू गेलास तर सिस्टीम कोण बघणार?" पोरगं मुकाट्यानं माघारी आलं. अयोध्या फोनवर नुसती म्हणायची, "बघा कसं जमतंय ते." "आबा, ती भांडली असती तर बरं होतं," असं तो मला म्हणाला.

पौषात साहेबांना हुरड्याची हौस आली, अन् सगळं ऑफिस चाकूरला आमच्या रानात उतरलं. मला तर लई आनंद. आमच्या मंडळींनी, पंचफुलाबाईंनी, जवसाची चटणी कुटली. गोवऱ्यांच्या आगटीवर भाजायला बसलं कोण? मन्मथ. कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, दुसऱ्यापुढं करायची. आमच्याकडं थोड्या थोड्या वेळानं चोळणारा माणूस बदलतात, न्हाईतर तोच उपाशी राहतो.

"आता माणूस बदला की," मी म्हणलो.

"राहू द्या आबा," साहेब म्हणाले, "मन्मथचा हात बसलाय."

मन्मथ हात झटकून उठला. ऑफिसातल्याच समीक्षाला म्हणाला, "तू बस."

"मला कुठं येतंय?"

"मलाबी येत नव्हतं."

तिचा पहिला हुरडा अर्धा राख, अर्धा कच्चा. साहेब हसले. "हे काय खायला घातलंस गं?"

"शिकून राहिले सर."

मन्मथ आगटीकडं बघतच बोलला, "सर, सोमवारपासून माझं सगळं काम हिला दाखवतो. अन् अयोध्याचे दिवस भरले की मी इस्लापूरला जातो."

"मेल टाक, बघू."

"मेल नंतर," समीक्षा म्हणाली. "आधी हो म्हणा सर. न्हाईतर उरलेली कणसं तुम्ही चोळा."

सगळे हसले. साहेबांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी गुळाचा खडा पुढं केला.

"जा बाबा," ते म्हणाले.

मुलगी झाली तेव्हा मन्मथ दवाखान्याच्या दारात होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. "आबा, नाक अयोध्याचं हाय." मग म्हणाला, "ऑफिसातून दिवसभर एक फोन न्हाई. माझ्यावाचून चाललं की."

"वाईट वाटून राहिलं का रे?"

"थोडं."

पलीकडं बाळ रडायला लागलं.

"ठेवतो आबा. अयोध्या मला म्हणून राहिली, तुम्हीच घ्या हिला."