रॉडा मारणे

आमच्या कूलंबी गावात कुणी जुनं टेबल घासून चकाचक केलं, गंजक्या गाडीला रंग दिला, की लोक म्हणतात, "झकास रॉडा मारलास!" ही आता शाबासकी झाली आहे. मला मात्र ती ऐकून चीड येते, कारण हा शब्द जन्मला तेव्हा मी तिथे हजर होतो.

लेन रॉडा आमचा सुतार. पासष्ट साली गव्हाची कापणी झाल्यावर गावाचा नाच ठरला आणि लेनने हॉलची लाकडी फरशी घासून नवी केली. काम चोख, पण गावात पियानो वाजवणाऱ्या नोरीनवर छाप पाडायची म्हणून पठ्ठ्याने मेण दुप्पट चोपडलं. फरशीत तोंड दिसत होतं. पहिल्याच गिरकीला नोरीन आडवी झाली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं, आणि तिचं पियानो वाजवणं कायमचं बंद पडलं. तेव्हापासून दिसायला देखण्या, वापरायला घातक कामाला गाव 'रॉडा' म्हणू लागलं. लेन म्हणायचा, "तिचे बूटच भिकार होते."

साठ वर्षांत गाव सगळं विसरलं. गेल्या महिन्यात हॉल समितीच्या ग्लेनिसने त्या फरशीच्या कामाबद्दल दारावर लेनच्या नावाची पितळी पाटी लावायचं ठरवलं. लेन घाबराघुबरा माझ्याकडे आला.

"पाटी लागायच्या आत नोरीनची माफी मागायचीय रे. सगळ्यांसमोर."

"इतकी वर्षं काय करत होतास?"

"बुटांना शिव्या देत होतो."

समारंभाला सगळं गाव जमलं. लेन काठी टेकत उभा राहिला. "नोरीन पडली ती माझ्या मेणामुळे. बुटांचा काही दोष नव्हता. नोरीन, मला माफ कर."

मग ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली, "काय हा मनाचा मोठेपणा! बाईमाणसाला बोल लागू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लेन बिचारा "अगं, खरंच सांगतोय" म्हणत राहिला, पण लोक केकवर तुटून पडले होते. मला रडू येत होतं आणि हसूही.

एकटी नोरीन भिंतीला धरून, पाऊल जपत त्याच्यापाशी आली. वाकडा हात पुढे केला.

"मी ऐकलं, लेन. आता मला दारापर्यंत धरून ने. तुझ्या मानासाठी ग्लेनिसने फरशीला रॉडा मारलाय."