उपटलेले पिवळे खांब

अक्कलकोटच्या अलीकडे आमच्या रानातून कच्च्या तेलाची लाइन गेली आहे, थेट सीमेपलीकडे कर्नाटकात. जुना पाइप गंजला म्हणून यंदा बांधाला लागून नवा टाकला. जुना मात्र जमिनीतच ठेवला. "रिकामा केलाय," असं कंपनीचे साहेब म्हणाले आणि 'येथे खोदू नये' लिहिलेले पिवळे खांब उपटून नव्या लाइनवर रोवून गेले. लग्न होऊन आल्यापासून त्या खांबांना मी शेळ्या बांधत होते. कुठला खांब कुठे होता, ते डोळे मिटून सांगेन.

परवा दिराने बोअरसाठी पाण्याची जागा दाखवायला पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानभर फिरला, आणि नेमका जुन्या पाइपावर नारळ उभा राहिला.

मी ओरडले, "भावजी, खाली पाइप हाय!"

"रिकामा हाय की त्यो, वयनी," दीर हसला. "सायेबच म्हनले."

रिकामा म्हणे! मग ऊन तापलं की तिथल्या मातीला रॉकेलसारखा वास कशाचा येतो? शेळ्यासुद्धा तिथलं गवत हुंगून मागे फिरतात.

आज सकाळी बोअरची गाडी येऊन नेमकी त्याच जागी उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, तोंडात बिडी धरली आणि माझ्याकडेच काडेपेटी मागितली.