सुगनबाईचा अर्ज

परवा कपाट आवरताना जुन्या अर्जाची कार्बनची प्रत सापडली. अक्षर माझंच, मोत्यासारखं. खाली सुगनबाईचा अंगठा. तो निळसर वास आला आणि मी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या मोहल्ला समितीच्या खोलीत जाऊन बसले.

सुगनबाई आमची गल्ली झाडायची. नळाला हात लावला म्हणून तिघांनी तिच्या मुलाला जातीवरून शिव्या देत मारलं, हात मोडला. तक्रार लिहायचं काम माझ्याकडे.

"दीदी, गाली भी लिखना. जैसी दी, वैसी," ती म्हणाली.

तो शब्द माझ्याच्याने लिहवेना. मास्तरांच्या घरातली ना मी! 'अपशब्द वापरले' एवढंच लिहिलं. वाटलं, तिचीच अब्रू राखतेय.

पोलीस ठाण्यात साहेबांनी अर्ज वाचला. "इसमें जात की बात कहाँ है, मैडम? मामूली झगड़ा है." मी तोंडी सांगायला लागले, तर म्हणाले, "जो लिखा है, वो लिखा है." मारणारे तिघंही संध्याकाळी सुटून घरी परतले.

ठाण्याच्या फाटकाबाहेर सुगनबाईने पदर सावरला. आवाज चढवला नाही.

"गाली हमने खाई, दीदी. शरम आपको आई."