सोनबाचा भारा

पलटणीतून सुटून आलेले आम्ही चौघे पाराखाली जमलो की बर्फाच्या डोंगराचे किस्से निघतातच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसरा घसा खाकरतो, आणि हातातली विडी विझून जाते!

*

लढाईच्या काळात बर्फात राहायला शिकवायचं म्हणून आम्हा वाईकडच्या गड्यांना गढवालात नेलं होतं. समोर त्रिशूळ शिखर. साहेब कौतुकानं सांगत होते, पूर्वी एक गोरा पार माथ्यावर जाऊन आलाय.

हवालदार रंगरावांनी विचारलं, "मंग आता आमी कशाला? वर काय इसरून आलाय का त्यो?"

*

आमच्यातला सोनबा वैराटगडाच्या पायथ्याचा, धिप्पाड. गडावर चढायचं ते गवत कापायला आणि उतरायचं ते भारा घेऊन, हीच त्याची सवय. साहेब म्हणाले, "पहिल्या दिवशी ओझं न घेता चढा."

सोनबा हटून बसला. "रिकामं चढायचं नि रिकामंच उतरायचं? मंग चढायचंच कशाला?"

साहेबांनी दोघांचं ओझं त्याच्या पाठीवर दिलं, तेव्हा कुठं गडी खूश झाला!

*

बर्फाशी पोचलो आणि महादेवाचा डोंगर म्हणून सगळ्यांनी बूट काढून हात जोडले. साहेब ओरडत धावले. रंगरावांचा नमस्कार जरा लांबला, आणि पायाचं एक बोट गेलं. कुणी विचारलं की आजही सांगतात, "म्हादेवाला वाह्यलं!"

*

पुढं चढताना बर्फाचा कडा कोसळला आणि सोनबा त्याखाली गेला. आम्ही खणत राहिलो. सापडला नाही. माथा राहिला, आम्ही परतलो. याला किस्सा म्हणवत नाही, पण हा टाळून पुढचा सांगता येत नाही.

*

सोनबाची आई गावात एकटीच. तिनं आम्हाला एवढंच विचारलं, "त्येला मेलेला डोळ्यांनी बगितला का तुमी?"

"न्हाई काकी," रंगराव म्हणाले.

"मंग ईल."

वर्षभर तिनं क्रियाकर्माचं नाव काढू दिलं नाही. मग एकदा तिनंच विचारलं, "रंगराव, तितं वर गवात उगावतं का रं?"

"न्हाई काकी. नुसता बरफ."

"मंग माझा सोनबा तितं कशाला ऱ्हाईल?" म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली. रंगरावही रडले.

*

देह नाही म्हणून वाईला कृष्णेच्या घाटावर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचं ठरलं. गुरुजी दर्भ घेऊन बसले होते, आम्ही सगळे जमलो होतो, पण म्हातारीचा पत्ता नाही. ती आली ती थेट वैराटगडावरून. डोक्यावर गवताचा भलामोठा भारा.

गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, पुतळ्याला मूठभर पुरतं हो."

तिनं भारा त्यांच्यापुढं ठेवला.

"माझा सोनबा मुठीएवडा न्हवता."